चाक निखळण्यापूर्वी



स्मृतिव्याख्यानासाठी वक्त्याने एखादा भारदस्त विषय निवडावा, असा आपल्याकडे संकेत आहे. शिक्षण आणि समाज, विज्ञान आणि अध्यात्म, नव्या शतकापुढील आव्हाने, असे विषय व्यासपीठावर शोभून दिसतात. मी मात्र आज आपल्यापुढे सायकलच्या चाकाचा नट ठेवणार आहे. विषय ऐकून निमंत्रकांच्या चेहऱ्यावर क्षणभर जी शंका उमटली, ती मी समजू शकतो. परंतु यंत्रशास्त्र शिकविण्यात उभे आयुष्य घालविल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, ज्या वस्तूंवर माणसाचा जीव रोज अवलंबून असतो, त्यांपैकी बऱ्याचशा वस्तू व्याख्यानाचा विषय म्हणून कोणाला सुचतच नाहीत. ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते स्वतः अनेक वर्षे सायकलने शाळेत येत असत, हे जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. त्यांना हा विषय परका वाटला नसता, असा माझा विश्वास आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. सायकलचे चाक एकाएकी निखळत नाही. निखळण्यापूर्वी ते बरेच दिवस सैल असते आणि ते सैल आहे हे सायकल चालविताना कळत नाही. म्हणून थांबून, उतरून, चाक उचलून पाहावे लागते. असे का, हे समजून घेतले की तपासणीचे महत्त्व वेगळे पटवून देण्याची गरज उरत नाही.

रथापासून सायकलीपर्यंत

अमझेरा हे नाव मराठी वाचकाला इतिहासाच्या पुस्तकांतून परिचित असते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजीअप्पांच्या फौजेने येथे माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला, आणि मराठ्यांना माळव्याची वाट मोकळी झाली. पुढे धार आणि देवास येथे पवारांच्या गाद्या स्थिरावल्या. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज त्याच ओघात या प्रदेशात आले. १८५७ च्या उठावात येथील राणा बख्तावरसिंह यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले व १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूरला त्यांना फाशी देण्यात आली. याहून जुनी एक श्रद्धाही या गावी आहे. येथील अमका-झमका देवीच्या मंदिरातूनच श्रीकृष्णाने रुक्मिणीला रथात बसवून नेले, असे स्थानिक लोक मानतात. विदर्भातील कौंडिण्यपूरची मंडळी हे मान्य करणार नाहीत. तो वाद आपण बाजूला ठेवू. मला त्या कथेतला रथ हवा आहे. रथ आला म्हणजे चाक आले, चाकामागे आस आला, आणि आसावरून चाक निसटू नये म्हणून टोकाशी ठोकलेली खीळही आली.

या खिळीवर आपल्याकडे एक फार मोठी कथा उभी आहे. युद्धाच्या ऐन धुमाळीत दशरथाच्या रथाच्या चाकाची खीळ निघाली आणि कैकेयीने तिच्या जागी आपले बोट घालून रथ सावरून धरला; त्या उपकाराबद्दल राजाने तिला दोन वर दिले. वाल्मीकी रामायणात ही हकीगत अशा रूपात नाही, परंतु कीर्तनांतून आणि आजीच्या तोंडून ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. कथा ऐकताना आपण कैकेयीच्या धैर्याचे कौतुक करतो, पुढे त्या वरांनी काय अनर्थ घडविला हे आठवून हळहळतो. रथ युद्धाला निघण्यापूर्वी ती खीळ कोणी पाहिली होती का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. सारथ्याने सकाळी खिळीवर एक हात फिरविला असता, तर कदाचित वनवासाचे कारणच उरले नसते!

घोड्यावरच्या माणसाला ही शिस्त अंगवळणी पडलेली असे. खोगिराचा तंग आवळला आहे की नाही हे स्वतः पाहिल्याशिवाय जाणता स्वार रिकिबीत पाय ठेवीत नसे, कारण ढिल्या तंगाची किंमत स्वतःच्या हाडांनी मोजावी लागते हे त्याला ठाऊक होते. बैलगाडीवानही लांबच्या वाटेला निघताना वंगण घालीत असे व खीळ ठोकून पाहत असे. सायकल आली, आणि ती इतकी साधी व इतकी आज्ञाधारक निघाली की, ही जुनी सवय आपण हळूहळू विसरलो.

आता आजच्या परिस्थितीकडे येतो. मध्य प्रदेश शासनाच्या योजनेतून दूरच्या गावांतील मुलामुलींना शाळेत येण्यासाठी सायकली मिळतात. बिहारमध्ये २००६ साली मुलींसाठी अशीच योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा योजनेमुळे माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना दिसले. मुलीच्या शिक्षणाच्या आड येणारे अंतर सायकल कापून काढते, हे आकड्यांनी सिद्ध झालेले सत्य आहे.

परंतु याच सत्याची दुसरी बाजू मी जवळून पाहिली आहे. या भागातल्या एका वस्तीवरील नववीतली मुलगी ओढ्यावरच्या फरशीवरून जात असता सायकल आदळून उसळली, पुढचे चाक चिमट्यातून निसटले आणि ती तोंडावर पडली. समोरचे दोन दात गेले, हनुवटीला टाके पडले. जखम पंधरा दिवसांत भरली. चाक पुन्हा बसवायला मिस्त्रीला पाच मिनिटेही लागली नाहीत. वडिलांच्या मनाची खात्री मात्र त्या वर्षात पटली नाही. सायकल ओसरीवर उभी राहिली आणि मुलीची शाळा महिनोन् महिने बुडाली. सैल नटाने एका मुलीचा रस्ताच बंद केला होता. आजच्या विषयाचे गांभीर्य एवढ्यावरून आपल्या ध्यानात यावे.

नट चाकाला कशाने धरून ठेवतो?

सायकलचे चाक ज्या लोखंडी दांड्याभोवती फिरते तो आस, मिस्त्रीच्या भाषेत एक्सल. त्याच्या दोन्ही टोकांना आटे असतात. पुढच्या चिमट्याच्या दोन पायांच्या टोकांना खाली उघडणाऱ्या खाचा असतात. त्या खाचांत आस बसतो आणि बाहेरून वायसर व नट घालून तो आवळला जातो. रचना इतकी सोपी की, शाळकरी पोरही ती खोलू शकते.

नट आट्यांवर चढला म्हणजे तो चाकाला अडवून धरतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः चाकाला धरून ठेवतो तो ताण. पाना फिरवून आपण नट आवळतो, तेव्हा आसाचा तेवढा भाग रबरासारखा किंचित ताणला जातो. ताणलेले पोलाद परत आखडू पाहते आणि चिमट्याचे टोक नट व आतली चकती यांच्यामध्ये घट्ट दाबून धरते. या दाबातून घर्षण उत्पन्न होते आणि ते आसाला जागचे हलू देत नाही. नट म्हणजे हा ताण साठवून ठेवण्याची कुलूपकिल्ली होय.

आता थोडा हिशेब करू. मोठ्यांच्या साध्या सायकलीच्या नटाला साधारण तीस न्यूटन-मीटर पीळ द्यावा लागतो. सुमारे वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला पंधरा किलोचे वजन टांगले तर जेवढा पीळ बसेल, तेवढा हा असतो. एवढ्या पिळाने आट्यांच्या करामतीमुळे दीड टनाच्या आसपास दाब निर्माण होतो. हा मोठा दाब ज्या ताणातून येतो तो ताण लांबीत मोजला, तर तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरतो. माणसाच्या डोक्यावरचा केस त्याच्या पाच-सहापट जाड असतो. दीड टनाची पकड केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शावर उभी आहे, हे एकदा मनात ठसले की पुढचे सर्व आपोआप उलगडत जाते.

मग तो सैल का होतो?

पहिले कारण नव्या सायकलीत दडलेले असते. चिमट्याच्या टोकावर कारखान्यातला रंग असतो. त्या रंगाचा थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका जरी धरला, तरी तो आसाच्या ताणापेक्षा कितीतरी जाड झाला. नट आवळल्यावर वायसरखालचा हा रंग पहिल्या काही दिवसांत चेपतो, फुटतो, बाजूला सरकतो. तो थोडासा जरी बसला, तरी केसाच्या हिश्शाएवढा ताण नाहीसा होतो आणि नट जागचा न फिरताही सैल पडतो. “सायकल नवी आहे, तिला काय होणार?” हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे. नवी सायकल आठवडाभर चालविल्यानंतर तिचे सर्व नट पुन्हा एकदा आवळलेच पाहिजेत.

दुसरे कारण हादऱ्यांचे. पूर्वी लोक मानीत की, आसाच्या दिशेने होणाऱ्या ओढाताणीने नट सुटतात. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगाने दाखवून दिले की, नटाचा खरा शत्रू आडवा हादरा आहे. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे, बारीकसे जरी घसरू लागले, तरी त्या क्षणी आट्यांमधले घर्षण जणू नाहीसे होते आणि नट आपल्या आट्यांच्या उतारावरून स्वतःच मागे फिरू लागतो. तांदूळ भरलेला डबा हलविला की तांदूळ खाली बसतात, तसा हा प्रकार आहे. हालचालीमुळे घर्षणाची पकड सुटते. युंकरच्या प्रयोगाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. दाब पुरेसा असेल तर भाग घसरतच नाहीत आणि नट सुटण्यास प्रारंभच होत नाही. अर्धवट आवळलेला नट सुटत जातो, पुरता आवळलेला नट टिकतो.

माळव्याच्या काळ्या मातीची वाट, पावसाळ्यात तिच्यात रुतलेल्या चाकोऱ्या, उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्यांचे दगडासारखे झालेले कंगोरे, शिवाय कॅरिअरवर धाकटे भावंड किंवा दळणाचा डबा! आडव्या हादऱ्यांची याहून उत्तम शाळा मिळणे कठीण.

तिसरे कारण माणसाचे. सायकल कारखान्यातून पूर्ण जोडलेली क्वचितच निघते. पुढचे चाक, हँडल, पॅडल ही जोडणी बहुधा दुकानात किंवा वाटपाच्या ठिकाणी होते. थोड्या दिवसांत शेकडो सायकली जोडणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखालून एखादा नट बोटाने फिरविलेला तसाच राहणे हा मनुष्यस्वभाव आहे. पंक्चर काढताना चाक उतरले, की घरीही हेच घडते. शेवटचा पीळ माणसाच्या हाताने दिला जातो. म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने तो पाहिला गेला पाहिजे.

वजनाने झाकलेला दोष

आता मी विषयाच्या गाभ्याशी आलो आहे. मागचे चाक सैल झाले तर ते स्वतः ओरडून सांगते. पॅडल मारताच साखळी उजव्या बाजूने ओढते, चाक तिरके होते, टायर सांगाड्याला घासू लागतो आणि सायकल पुढे जायला नाखूश होते. स्वाराला उतरावेच लागते.

पुढच्या चाकाचे तसे नाही. त्याच्या खाचा खाली उघडतात. स्वार बसला की त्याच्या वजनाने चिमटा आसावर दाबला जातो आणि आस खाचेच्या वरच्या टोकाशी टेकून राहतो. नट दोन वेढे सैल असोत किंवा एक बाजूचा नट पडून गेलेला असो, सपाट रस्त्यावर चाक जागेवरच राहते. सायकल सरळ चालते, वळते, फारसा आवाजही करीत नाही. चाक सैल झाल्याची गोष्ट आपलेच वजन आपल्यापासून लपवून ठेवते. मग एके दिवशी गतिरोधक येतो, फरशीची कड येते, किंवा एखादा मुलगा हौसेने पुढचे चाक उचलतो. क्षणभर वजन निघून जाते, आस खाचेतून खाली सरकतो, आणि चिमटा पुन्हा खाली येतो तेव्हा त्याच्याखाली चाक नसते. पाहणारे म्हणतात, एकाएकी चाक निघाले. खरे पाहता ते कित्येक दिवसांपूर्वीच सुटलेले होते. त्या दिवशी फक्त बाहेर पडले.

यावरून तपासणीचा एक नियम निघतो. जो दोष वजनाखाली लपतो, तो वजन काढल्याशिवाय दिसणार नाही. सायकलवर बसून “बरी चालते आहे” असा निर्वाळा देणे निरुपयोगी आहे. चाक जमिनीपासून उचलून पाहिले पाहिजे.

जगाने घेतलेला धडा

ही अडचण केवळ आपल्या साध्या सायकलींची नाही. इटलीचा शर्यतपटू तुल्लिओ काम्पान्योलो याच्याविषयी अशी कथा सांगतात की, १९२७ साली एका बर्फाळ घाटात गोठलेल्या बोटांनी चाकाचे नट सोडविता न आल्यामुळे तो मागे पडला आणि त्यातूनच पान्याशिवाय, एका दांडीने चाक सोडण्या-आवळण्याची युक्ती त्याला सुचली. ती युक्ती पुढे जगभर रूढ झाली. चाक काढणे जितके सोपे झाले, तितकेच ते नीट न बसविणेही सोपे झाले. दांडी नुसती नटासारखी गोल फिरवून ठेवायची नसते, तर कुलपासारखी उलटी दाबून मिटवायची असते, हे न कळल्यामुळे पुष्कळ स्वार पडले.

पुढे चकतीचे ब्रेक आले. २००३ च्या सुमारास जेम्स ॲनन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, असा ब्रेक जोराने दाबला की काही रचनांमध्ये आसाला खाचेतून बाहेर ढकलणारा जोर उत्पन्न होतो. २०१५ मध्ये ट्रेक या कंपनीने अमेरिकेत सुमारे ९ लाख व कॅनडात सुमारे ९८ हजार सायकली दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या, कारण नीट न मिटलेली दांडी जास्त उघडून चकतीत अडकू शकत होती. त्याविषयी तीन अपघातांची नोंद झाली होती. त्यांतल्या एका स्वाराचे हातपाय कायमचे लुळे पडले. तीन अपघात आणि सुमारे दहा लाख सायकली! त्याच वर्षी आणखी डझनाहून अधिक कंपन्यांनी याच कारणासाठी आपल्या सायकली परत बोलाविल्या. तीन नोंदींवरून दहा लाख सायकली तपासायला लावणारा समाज भित्रा आहे असे मला वाटत नाही. चौथ्या अपघाताची वाट पाहायची नाही, असे त्याने ठरविलेले असते.

सायकलींच्या सुरक्षेसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, क्रमांक ४२१०, त्यात चाकाच्या दोन कसोट्या सांगितल्या आहेत. पहिली अशी : योग्य आवळलेल्या पुढच्या चाकाला बाहेर ओढणारा २,३०० न्यूटन, म्हणजे सुमारे २३० किलो वजनाइतका जोर एक मिनिट लावला, तरी आस जागचा हलता कामा नये. दुसरी मला अधिक अर्थपूर्ण वाटते : नट हाताने आवळलेल्या स्थितीपासून पूर्ण एक वेढा सैल केला, तरी दहा किलोंच्या ओढीने चाक निसटता कामा नये. त्यासाठी चिमट्याच्या टोकाला उठाव देतात, किंवा आकडा असलेला एक वायसर बसवितात, जो चिमट्याच्या छिद्रात अडकतो. मानक लिहिणाऱ्यांनी येथे गृहीतच धरले आहे की, नट कधी ना कधी सैल होणार. हा आकड्याचा वायसर कित्येकदा पंक्चर काढताना हरवतो, किंवा अडथळा समजून फेकून दिला जातो. तो फेकू नये, एवढी विनंती येथील मिस्त्री बंधूंना मी मुद्दाम करतो.

तपासणारा हात कोठे गेला?

मराठी माणसाचे सायकलशी नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. त्यांनी बंधू रामुअण्णांच्या साहाय्याने बेळगावला सायकलींचे दुकान काढले, आणि १८८८ हे वर्ष किर्लोस्कर उद्योगाच्या प्रारंभाचे वर्ष मानले जाते. त्या दुकानात सायकल विकली जाई आणि ती चालवायलाही शिकविले जाई. वस्तू आणि तिचे ज्ञान एकाच दारातून बाहेर पडत होते, हे मला त्या दुकानाचे मोठे वैशिष्ट्य वाटते.

पुढे पुण्यापासून देवासपर्यंत गावोगावी तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने निघाली. माझ्या पिढीने त्या सायकलींवरच गुडघे फोडून घेतले. तो दुकानदार सायकल हाती देण्यापूर्वी टायर अंगठ्याने दाबी, ब्रेक ओढून पाही, चाक हलवून पाही, आणि परत आल्यावर पुन्हा तेच करी. त्याला आमच्या हाडांची काळजी होती असे नव्हे. सायकल त्याची होती. परंतु परिणाम असा की, गावातली प्रत्येक भाड्याची सायकल दिवसातून अनेकदा एका जाणकार हाताखालून जात असे. घरोघरी स्वतःची सायकल आली, नंतर मोपेड आणि मोटारसायकली आल्या, आणि ती दुकाने एकेक करून बंद झाली. त्यांच्याबरोबर तपासणारा तो हातही गेला. सायकल ज्याची त्याची झाली, पण तपासणी कोणाचीच राहिली नाही.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, आपण सायकल धुतो, पुसतो, हळदकुंकू वाहतो आणि हँडलला झेंडूची माळ घालतो. ही प्रथा मला फार प्रिय आहे. हत्याराविषयी कृतज्ञता बाळगणारी ती संस्कृती आहे. माझी सूचना एवढीच की, माळ घालण्यापूर्वी हातात पाना घ्यावा. आवळलेला नट हीसुद्धा पूजाच होय.

दोन मिनिटांची तपासणी

ही तपासणी करायला यंत्रशास्त्राचे शिक्षण लागत नाही. क्रम असा ठेवावा.

एक. हँडल धरून पुढचे चाक वीतभर उचलावे आणि टायरवर वरून तळहाताने जोराची थाप मारावी. चाक खाली सरकले, किंवा टकटक आवाज आला, तर सायकल चालवू नये.

दोन. चाक चिमट्याच्या मधोमध आहे का ते पाहावे. एका बाजूला झुकलेले असेल, तर आस खाचेत पूर्ण वर बसलेला नाही.

तीन. रीम धरून चाक डावी-उजवीकडे हलवावे. खडखड लागली तर आतले कोन सैल आहेत. छरे झिजण्यापूर्वी मिस्त्रीकडे न्यावे.

चार. चाक फिरवून ब्रेकच्या रबराकडे पाहावे. रीम लहरत असेल तर चाक आउट आहे. शेजारच्या दोन-दोन तारा चिमटीत दाबून पाहाव्यात. सैल तार बोटांना लगेच कळते.

पाच. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. चाक थांबले पाहिजे आणि हँडलच्या मानेत खेळ जाणवता कामा नये.

सहा. सायकल चार बोटे उचलून सोडावी आणि कान द्यावा. सैल असलेली प्रत्येक वस्तू स्वतःचे नाव सांगते.

याला मी एका रेघेची जोड देईन. नट नीट आवळल्यावर नटावरून चिमट्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी. घरात नखांना लावायचा रंग असेल तर तोही चालतो. कारखान्यांत अशा खुणा सर्रास केल्या जातात. नट तसूभर फिरला की रेघ तुटलेली दिसते. ही साक्षीची रेघ होय. मात्र एक ध्यानात ठेवावे : रंग चेपल्यामुळे नट न फिरताही सैल पडू शकतो, तेव्हा रेघ अखंड असली तरी थाप चुकवू नये. नट सैल आढळला तर बोटाने आवळून समाधान मानू नये. पाना लावावा, दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने आवळावेत. आटे गेलेला नट कितीही फिरविला तरी घट्ट होत नाही, तो बदलावा. त्याची किंमत एका वहीहून अधिक नसते.

शाळेकडे मागणे

आता शेवटचा मुद्दा. हे ज्ञान घरोघरी पोहोचविण्यास शाळेहून योग्य जागा नाही, कारण सायकली रोज तेथेच एकत्र येतात.

सायकल-स्टँडच्या खांबाला दोरीने बांधलेला एक पाना आणि एक पंप असावा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रार्थनेपूर्वी दोन मिनिटे तपासणीसाठी द्यावीत. वरच्या वर्गातील मुलामुलींनी धाकट्यांच्या सायकली तपासाव्यात आणि एका साध्या वहीत सही करावी. सही केली म्हणजे जबाबदारी घेतली, हा संस्कार पुढे पूल बांधताना, औषध देताना आणि हिशेब लिहिताना उपयोगी पडेल. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुटीनंतर गावच्या मिस्त्रीला मानाने बोलावून, मानधन देऊन एक दिवस शाळेत बसवावे. विद्यार्थ्यांनी त्यालाही गुरुजी म्हणावे. ज्याच्याकडून आपण जीव वाचविणारी विद्या घेतो, त्याला दुसरे काय म्हणणार?

आणि एक आग्रह आहे. पाना मुलींच्याही हाती द्यावा. जिच्या सायकलचे चाक निघाले तर शाळा सुटण्याची भीती आहे, तिलाच नट आवळता येणे सर्वांत जरुरीचे आहे. आपल्या सायकलीची खात्री स्वतः देऊ शकणाऱ्या मुलीला घरातून निरोप देताना वडिलांच्या मनातही धाकधूक कमी राहील.

कोणी म्हणेल, सारखे तपासत राहणे हा मिस्त्रीवरचा, कारखान्यावरचा अविश्वास झाला. मला तसे वाटत नाही. स्वयंपाक करणारी आई मीठ चाखून पाहते, तेव्हा ती स्वतःवर अविश्वास दाखवीत नसते. ताटात बसणाऱ्यांचा मान राखीत असते. तपासणी ही त्याच जातीची काळजी आहे.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी खूप काही केले आहे, यापुढेही करतील. पाने, पंप आणि वायसर यांचा खर्च एखाद्या हाराफुलांच्या समारंभाइतकाही नाही. तो भार कोणीतरी आजच उचलावा, अशी विनंती आहे. आणि बाहेर ज्यांच्या सायकली उभ्या आहेत, त्यांनी येथून निघताना पुढचे चाक उचलून, वरून एक थाप मारून, मगच घरची वाट धरावी.